कन्सेप्ट सुचत नाही, म्हणजे नेमकं काय अडतंय?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहात, सार्वजनिक ग्रंथालयाचं डिझाइन चालू आहे. पहिल्या ज्युरीला, म्हणजे परीक्षकांपुढच्या सादरीकरणाला, तुम्ही उघड्या पुस्तकाच्या आकाराची इमारत नेलीत आणि "हा नुसता आकार झाला, कन्सेप्ट कुठे आहे?" असं ऐकून परत आलात. तेव्हापासून रोज रात्री पिंटरेस्टवर इमारतींचे फोटो बघता, बोर्ड भरत चाललाय आणि कागद कोरा तो कोराच. म्हणून विचारताय की अनुभवी आर्किटेक्टना प्रेरणा मिळते तरी कुठून, आणि दुसऱ्याच्या इमारतीतून काही उचललं तर ती चोरी होते का.

मला यात प्रेरणेचा तुटवडा काही दिसत नाही. फोटो तुमच्याकडे शेकड्यांनी आहेत. तुटवडा आहे तो माहितीचा, आणि त्या माहितीतून उभ्या राहणाऱ्या प्रश्नाचा. ग्रंथालय म्हटलं की पुस्तक, विमानतळ म्हटलं की पंख, मत्स्यालय म्हटलं की मासा. इमारतीबद्दल नावापलीकडे काही ठाऊक नसलं की डोकं हेच पुरवतं, सगळ्यांचंच. ज्युरीला खटकलं असेल ते एवढंच, की तुमच्या त्या आकारामुळे आत बसून वाचणाऱ्याच्या आयुष्यात काहीच फरक पडत नव्हता.

गंमत म्हणजे उघड्या पुस्तकांचं ग्रंथालय खरोखर बांधलं गेलंय. पॅरिसचं राष्ट्रीय ग्रंथालय, डोमिनिक पेरो यांचं, 1995 मध्ये बांधून पुरं झालं. एका भल्यामोठ्या चौथऱ्याच्या चार कोपऱ्यांत एल आकाराचे चार काचेचे टॉवर, जणू चार पुस्तकं उघडून उभी केलीत. वाचक खाली, जमिनीत उतरवलेल्या बागेभोवती बसतात आणि पुस्तकांचा मोठा साठा वर टॉवरमध्ये. आता कागदाला सगळ्यांत जास्त बाधतं काय? ऊन आणि उष्णता. मग काचेच्या आतून लाकडी झडपा लावून तो उजेड अडवणं आलं. काचेची इमारत बांधायची आणि मग तिला आतून डोळे मिटायला लावायचे! ती इमारत अगदीच टाकाऊ आहे असं माझं म्हणणं नाही. खालची बाग आणि तिच्याभोवतीचे वाचनकक्ष यांचा विचार मला आवडतो. पण वरचा आकार पुस्तकांच्याच मुळावर उठला, हे खरं.

आता याच्या शेजारी अमेरिकेतल्या एक्सेटर इथलं लुई कान यांचं ग्रंथालय ठेवा. एका शाळेसाठी बांधलेलं, 1972 मध्ये पुरं झालेलं. कान यांची सुरुवात अगदी साध्या गोष्टीपासून होते. माणूस कपाटातून पुस्तक काढतो आणि ते घेऊन उजेडाकडे जातो. बस. पुस्तकाला उजेड सोसत नाही, वाचणाऱ्याला उजेडाशिवाय चालत नाही, तेव्हा दोघांना एकाच जागी बसवून भागणार नाही. म्हणून कपाटं आतल्या बाजूला काँक्रीटच्या चौकटीत गेली आणि वाचायच्या जागा बाहेरच्या विटांच्या भिंतीला लागल्या. मध्ये सगळे मजले उघडे पडतात असं उंच सभागृह, त्याच्या भिंतींना प्रचंड गोल कापे. त्यातून चहूबाजूंची पुस्तकं आत आल्या आल्या दिसतात. फोटोंमध्ये नेहमी ते गोल येतात. मला मात्र त्या इमारतीतली सगळ्यांत मोठी गोष्ट वाटते ती खिडकीजवळचं टेबल.

ते टेबल नीट बघा. भिंतीच्या जाडीतच लाकडी मेज बसवलंय, एका माणसापुरतं. बसल्यावर डोळ्यांच्या उंचीला येईल अशी एक लहानशी खिडकी, तिला सरकती लाकडी झडप. त्या खिडकीच्या वर मोठी काच, जिच्यातून उजेड खोलवर आत जातो. म्हणजे बाहेर बघावंसं वाटलं तर झडप सरकवा, उन्हाची तिरीप पानावर आली किंवा लक्ष विचलित झालं तर लोटून घ्या. वरचा उजेड तुमच्यावर अवलंबून नाही, तो सगळ्या मजल्यासाठी येतच राहतो. एकाच खिडकीत दोन कामं होती, एक एकट्याचं आणि एक सगळ्यांचं. कान यांनी ती दोन कामं वेगळी केली. बाहेरून दिसणारी इमारत यातूनच घडली. विटांचे खांब खाली रुंद, कारण तिथे भार जास्त, आणि वर जाताना बारीक होत जातात. त्यामुळे खिडक्या वरवर रुंद होत जातात. ही एलिव्हेशन, म्हणजे बाहेरून दिसणारी बाजू, कोणी "सुचवलेली" नाही. वाचकाची जागा आणि विटेवरचा भार ठरला, तेव्हा ती बरीचशी आपोआप आली.

तिसरं उदाहरण देते, कारण तुमच्या चोरीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. फिनलंडचे आर्किटेक्ट आल्व्हार आल्टो यांचं व्हिइपुरीचं ग्रंथालय, 1935 सालचं. ते गाव तेव्हा फिनलंडमध्ये होतं, आज रशियात आहे. तिथल्या वाचनकक्षाच्या भिंतींना खिडक्याच नाहीत. उजेड येतो तो छपरातल्या 57 गोल झरोक्यांतून. प्रत्येक झरोका सुमारे 1.8 मीटर व्यासाचा आणि शंकूसारखा खोल. खोली मुद्दाम ठेवलीय. त्या अक्षांशावर भर उन्हाळ्यातही सूर्य क्षितिजापासून साधारण 52 अंशांच्या वर चढत नाही. तेव्हा शंकू पुरेसा खोल असला की ऊन त्याच्या आतल्या पांढऱ्या कडेवर आपटतं आणि विखरूनच खाली येतं, थेट किरण पानावर पडतच नाही. शिवाय उजेड एका दिशेने येत नाही, 57 ठिकाणांहून येतो. त्यामुळे तुम्ही टेबलावर कसेही वाकलात तरी तुमच्या डोक्याची किंवा हाताची ठसठशीत सावली पुस्तकावर पडत नाही. प्रश्न असा होता: वाचताना स्वतःची सावली स्वतःला आडवी येऊ नये. एवढा बारीक प्रश्न, आणि अख्खं छप्पर त्याचं उत्तर.

हेच झरोके तुम्ही जसेच्या तसे उचलून कर्कवृत्त आणि मकरवृत्ताच्या मधल्या एखाद्या साइटवर ठेवलेत तर काय होईल? तिथे सूर्य वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो. तो शंकू मग तुमच्या वाचकावर रोखलेला झोत होईल, दुपारी बारा वाजता. आल्टोंचा आकार घेतलात तर फसाल. "माझ्या साइटवर सूर्य सगळ्यांत वर किती अंशांना जातो, आणि त्या किरणाला पानाच्या आधी कुठेतरी आपटवायचं कसं?" हा प्रश्न घेतलात तर तुमच्या हाती वेगळंच छप्पर लागेल. कदाचित तिथे झरोका उभा होऊन उत्तरेकडे तोंड करेल, दक्षिण गोलार्धात असाल तर दक्षिणेकडे. कदाचित झरोक्याच्या खाली आडवा पडदा येईल. ते छप्पर आल्टोंकडून आलेलं असेल, आणि तरी तुमचंच असेल.

एवढ्यावर थोडं थांबते. तीन ग्रंथालयं पाहिली. पहिल्यात आकार आधी आला आणि वापर त्यात कोंबला. उरलेल्या दोन्हींत आधी एक अडचण दिसली, वाचक, पुस्तक आणि उजेड यांच्यातली, आणि ती सोडवता सोडवता इमारतीला रूप आलं. मी ज्याला कन्सेप्ट म्हणते तो म्हणजे ही अडचण पकडणं.

अडचण सापडते कशी? माझ्या बाबतीत बहुतेक वेळा कंटाळवाण्या माहितीतून. ग्रंथालयाचंच घ्या. दोन्ही बाजूंनी पुस्तकं लावायचं रॅक आणि पुढची वाट धरली तर एका रॅकच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत साधारण 1.4 ते 1.5 मीटर जातात. खांबांचं ग्रिड, म्हणजे खांबांमधली ठरावीक अंतरं, या अंतराच्या पटीत नसेल तर कुठेतरी खांब वाटेत येणार आणि ग्रंथपाल आयुष्यभर तुम्हाला शिव्या घालणार. पुस्तकं जडही फार. राहत्या खोलीसाठी स्लॅबवर प्रति चौरस मीटर 2 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे 200 किलोचा, भार धरतात, तर पुस्तकांच्या साठ्याला 6 आणि रॅक उंच असतील तर त्याहून जास्त. म्हणजे साठा कुठल्या मजल्यावर ठेवायचा हा फक्त सोयीचा प्रश्न उरत नाही, स्ट्रक्चरचा होतो. आता यात जागेची माहिती मिळवा. शेजारी रस्ता असेल तर आवाज कुठून येतो, वारा कुठून, झाडं कुठली राखायची. जाड, जड, पुस्तकांनी भरलेले रॅक आवाजाच्या बाजूला उभे केले तर? बघा, इथे काहीतरी हलायला लागलं. अजून एकही फोटो बघितलेला नाही.

आता माझ्या कामातलं एक उदाहरण. काही वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसकडे एका डायलिसिस केंद्राचं काम आलं. यादीत ठरलेल्याच गोष्टी होत्या: इतक्या खुर्च्या, नर्सिंग स्टेशन, पाणी शुद्ध करायची खोली, स्टोअर. असल्या यादीवरून थेट प्लॅन काढता येतो, निघतोही पटकन. सगळे करतात तसा हॉल, दोन्ही भिंतींना खुर्च्या, मध्ये वाट. काढण्यापूर्वी मी चालू असलेल्या एका केंद्रात परवानगी घेऊन रिकाम्या खुर्चीवर आडवी होऊन बसले, बराच वेळ. हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. आल्टोंनीच क्षयरोग्यांसाठी पाइमिओचं रुग्णालय बांधलं, 1933 साली, तेव्हा पलंगावर आडवा पडलेला माणूस धरून खोली आखली होती. छताला डोळ्यांना शांतवणारा गडद रंग, दिवा रुग्णाच्या नजरेच्या रेषेबाहेर, हात धुवायचं बेसिन असं की पाणी पडताना आवाज होऊ नये, नाहीतर शेजारचा जागा होतो. मी ती इमारत पाहिलेली नाही. पण तिच्यामुळे आडवं व्हायचं सुचलं.

त्या खुर्चीवरून काय दिसलं ते सांगते. डोळ्यांत थेट घुसणारा छताचा दिवा. त्याच्या शेजारी एसीची जाळी, वारा बरोबर छातीवर. खिडकी होती, पण सिल, म्हणजे खिडकीची खालची कड, नेहमीच्या उंचीची, म्हणून मागे रेललेल्या माणसाला आभाळाचा तुकडा आणि समोरच्या इमारतीचं वरचं टोक, बाकी काही नाही. समोर दुसरा रुग्ण, त्याची नजर माझ्यावर, माझी त्याच्यावर. डायलिसिस एका वेळी साधारण चार तास चालतं, बहुतेकांचं आठवड्यातून तीनदा. एका हातात सुया असतात, तो हात हलवायचा नाही. पाण्याची बाटली, फोन, बेल, सगळं दुसऱ्या हाताच्या टप्प्यात हवं.

नंतर तिथल्या नर्सशी बोलले. तिची गरज बरोबर उलटी निघाली. रुग्णाला आडोसा हवा होता आणि तिला आडोसा नको होता, कारण सुई निसटली तर रक्त वाहायला लागतं आणि ते तिला लांबूनही ताबडतोब दिसलं पाहिजे. हातावर चादर ओढून घेतलेलीही तिला चालत नाही. शिवाय सुई टोचताना तिला हातावर भरपूर प्रकाश हवा, ज्या प्रकाशाचा रुग्णाला पुढचे चार तास त्रास होणार. ही झाली खरी अडचण. रुग्णाला कोणाच्या नजरेत नसल्यासारखं वाटावं आणि तरी त्याचा हात सतत नर्सच्या नजरेत असावा.

हे वाक्य लिहून मी बोर्डवर लावलं. पुढे प्लॅन त्यानेच ओढत नेला. खुर्च्या भिंतीला काटकोनात न ठेवता तिरक्या केल्या, म्हणजे रुग्ण समोरच्याकडे बघत नाही, बाहेरच्या अंगणाकडे बघतो, आणि नर्सला मागून-बाजूने त्याचे दोन्ही हात दिसतात. मधले आडोसे डोक्याच्या बाजूला उंच आणि हाताच्या बाजूला उतरते. सिल 450 मिलिमीटरवर आणली, आता आडवं पडूनही अंगणातली झाडं बुंध्यापासून दिसतात. दिव्यांची दोन सर्किटं केली. एक भिंतीवरून छताकडे उजेड फेकणारं, कायम चालू. दुसरं प्रत्येक खुर्चीवर एक दिवा, फक्त टोचण्यापुरता, स्विच नर्सच्या हाताशी. खुर्च्या तिरक्या झाल्या तशी बाहेरची भिंतही करवतीसारखी दातेरी झाली. इमारत बघायला येणारे त्या भिंतीचं कौतुक करतात, कोणाला घडी घातलेला कागद दिसतो, कोणी विचारतं की हा आकार सुचला कुठून. नर्सच्या नजरेतून, हे खरं उत्तर दिलं की लोकांचा जरा हिरमोड होतो.

हे वाचून असं समजू नका की दर वेळी असंच होतं. पुष्कळ गोष्टी कामाच्या जातीवर अवलंबून आहेत. स्मारक असेल तर तिथे भावना हाच वापर असतो, मग प्रतिमेपासून सुरुवात करणं चुकीचं कसं म्हणणार? वॉशिंग्टनचं व्हिएतनाम युद्धाचं स्मारक घ्या. 1981 च्या स्पर्धेत 1,421 प्रवेशिका आल्या आणि निवड झाली माया लिन या 21 वर्षांच्या विद्यार्थिनीची. जमिनीला चीर पाडावी तशी खाली उतरत जाणारी काळ्या ग्रॅनाइटची भिंत. ही प्रतिमाच आहे, आणि ती आधी आली. पण तिथेही मला जास्त शिकवून जातो तो एक निर्णय: नावं अकारविल्हे लावली नाहीत, मृत्यूच्या क्रमाने लावली. त्यामुळे एकत्र मेलेले एकत्र राहिले, आणि एकसारख्या आडनावांच्या गर्दीत कोणी हरवलं नाही.

सिडनीचं ऑपेरा हाउसही तुम्ही माझ्यावर फेकू शकता. 1957 मध्ये योर्न उट्झन यांनी स्पर्धा जिंकली तेव्हा ती कवचं म्हणजे मुक्त हाताने ओढलेल्या रेषा होत्या, त्यांची भूमितीच ठरलेली नव्हती. ती बांधायची कशी याचं उत्तर 1961 च्या सुमारास मिळालं, जेव्हा सगळी कवचं एकाच गोलातून, सुमारे 75 मीटर त्रिज्येच्या, कापून काढायची ठरली. इमारत उघडली 1973 मध्ये, आणि 70 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा मूळ अंदाज 10 कोटी 20 लाखांवर गेला. मधल्या काळात, 1966 मध्ये, उट्झन स्वतः काम सोडून गेले होते. आकार आधी सुचला तर तो फेकून द्या असं मी म्हणणार नाही. तो सुचला की त्याचं देणं फेडायची तयारी ठेवा, एवढंच. तुमच्या हातात एक सेमिस्टर आहे.

आता फोटोंबद्दल. मीही बघते, चिकार बघते. पण फोटोत उत्तर दिशा नसते, सेक्शन (इमारत उभी कापून काढलेलं चित्र) नसतो, आवाज नसतो आणि बहुधा माणूसही नसतो. माझे क्लायंट फोनवर घरांचे फोटो दाखवतात तेव्हा मी विचारते, यातलं नेमकं काय आवडलं? बराच वेळ विचार करून ते म्हणतात, "मोकळं वाटतं." मग आम्ही दोघं मिळून शोधतो आणि कळतं की फोटोतल्या घरात सामानच नाहीये. त्या माणसाला हवं असतं भरपूर कपाट, आणि तो मला दाखवत असतो मोठी काच. तुमच्या बोर्डवरही असंच काहीतरी दडलेलं असणार. त्यातले पाच फोटो काढा आणि प्रत्येकाखाली एक वाक्य लिहा: इथे कोणाची कुठली अडचण सुटली? ज्याच्याखाली लिहिता येणार नाही तो काढून टाका.

त्यापेक्षा चांगलं म्हणजे एकच इमारत धरा आणि ती हाताने परत काढा. प्लॅनवर बटर पेपर ठेवून गिरवा, आधी उत्तर दिशा शोधा, मग सेक्शन काढून त्यात योग्य मापाचा माणूस उभा करा आणि बसवा. गिरवताना हात अडखळतो तिथे काहीतरी असतं. ही भिंत इथे जाड का, हा जिना सरळ न जाता वळला का, ही खिडकी एवढी खाली का. डोळा अशा जागांवरून घसरून जातो, पेन्सिल घसरत नाही.

जवळची कुठलीही इमारत प्रत्यक्ष बघायला जाल तेव्हा कॅमेऱ्याआधी टेप काढा. मी जिन्यांपासून सुरुवात करते, कारण जिना पायाला कळतो. दोन राइझर (पायरीची उंची) आणि एक ट्रेड (पाय ठेवायची रुंदी) मिळून साधारण 600 ते 640 मिलिमीटर, हा हिशेब फ्रान्समध्ये ब्लाँडेल यांनी सतराव्या शतकात मांडला, आजही चालतो. पण 150 चा राइझर आणि 300 चा ट्रेड हिशेबात बसतो, तसाच 175 आणि 270 हाही बसतो. दोन्ही चढून बघा. पहिल्यावर माणूस बोलत बोलत चढतो, दुसऱ्यावर गप्प होतो. ग्रंथालयाच्या दारातला जिना यातला कुठला असावा हे तुम्हाला आता मी सांगायची गरज नाही. अशी मापं वहीत साठत जातात: ज्या कट्ट्यावर लोक बसतात त्याची उंची, ज्या व्हरांड्यात पाऊस आत येत नाही त्याची खोली आणि छज्ज्याचं माप. माझ्या दृष्टीने हीच प्रेरणेची शिल्लक. गरज पडते तेव्हा तिथूनच काढायचं.

राहिला चोरीचा प्रश्न. कोणाची ड्रॉइंग उचलून आपली म्हणून दाखवणं ही चोरीच, आणि कॉपीराइटचा मामला. त्यापलीकडे सगळं आर्किटेक्चर एकमेकांकडून घेतच आलंय. फक्त घेताना कारण मागे राहिलं की फजिती होते. इटलीत व्हिचेन्झाजवळ टेकडीवर आर्किटेक्ट पॅलाडिओंचा व्हिला रोटोंडा आहे, चारही बाजूंना एकसारखे स्तंभांचे व्हरांडे. चारही बाजूंना देखावा सुंदर म्हणून चार व्हरांडे, असं त्यांनी स्वतःच 1570 च्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवलंय. पुढे 1720 च्या दशकात इंग्लंडमध्ये, मेअरवर्थला, तसंच घर बांधलं गेलं. थंडीमुळे तिथे शेकोट्या आल्या, मूळ छपरावर मात्र धुराड्यांना जागा नव्हती. शेवटी धुराचे मार्ग घुमटाच्या कवचातून वर नेऊन शेंड्यावरून बाहेर काढावे लागले. कारागिरी कौतुकाची, पण कसरत कशासाठी?

उलट बाजूने आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशी बघा. बंगळुरूच्या आयआयएमसाठी फत्तेपूर सिक्रीकडून आणि मदुराईच्या मंदिराकडून आपण काय घेतलं हे ते उघडपणे सांगत असत. पण त्या कॅम्पसमध्ये तुम्हाला छपरावरच्या घुमटीदार छत्र्या दिसणार नाहीत, गोपुरं दिसणार नाहीत. दिसतात ती एकातून दुसऱ्यात उघडत जाणारी अंगणं, कुठे अरुंद कुठे रुंद होणारे दगडी कॉरिडॉर, मधूनच आभाळाला उघडे पर्गोला (नुसत्या तुळयांचे मांडव), ज्यांच्यातून उन्हाच्या पट्ट्या फरशीवर सरकत असतात. वर्गातून बाहेर पडलेला विद्यार्थी कुठे रेंगाळेल, कोणाशी बोलत उभा राहील, हा त्यांचा प्रश्न होता. चालता चालता भेटी घडवणाऱ्या जागा कशा रचतात हे त्यांनी जुन्या वास्तूंकडून शिकून घेतलं. असं घेतलेलं लपवावं लागत नाही. ज्युरीत तुम्हीही सरळ नाव घ्या. कोणाकडून घेतलं ते सांगा आणि तुमच्या साइटवर त्यात काय बदललं ते दाखवा. माझ्यापुढे असं कोणी मांडलं तर मी दोन गुण जास्तच देते.

पुढच्या ज्युरीसाठी आता नवीन आकार शोधू नका. एखाद्या चालू ग्रंथालयात अख्खा दिवस जाऊन बसा. लोक कुठली जागा आधी पकडतात, कुठली रिकामी राहते, दुपारी कोण उठून दुसरीकडे जातं, ग्रंथपाल दिवसभरात कुठल्या वाटेने सगळ्यांत जास्त चालतो, हे टिपा. त्यातून एक अडचण निवडा, एकच, आणि ती एका वाक्यात लिहा. मग प्लॅनला हात लावण्याआधी वाचनकक्षाचा सेक्शन 1:50 या प्रमाणात काढा, त्यात वाचक बसवा, आणि 21 मार्च, 21 जून आणि 22 डिसेंबर या तीन दिवशीचे दुपारी बाराचे किरण तुमच्या अक्षांशाप्रमाणे आखा. दिवसभर उघडी राहणारी जागा असेल तर सकाळी नऊ आणि दुपारी चारचेही. किरण पानावर पडत असतील तिथे छप्पर, भिंत किंवा टेबल, काहीतरी हलवावं लागेल. काय हलवायचं हे मी इथून सांगू शकत नाही, ते तुमच्या साइटवर ठरेल. सेक्शन झाला की पाठवा, बघते. आणि सोबतच्या प्लॅनवर उत्तर दिशा दाखवायला विसरू नका. पहिल्या शीटवर ती नव्हती.